गोड आवाजामागचे श्रम : इंदूरच्या कॉल सेंटरमधील स्त्रिया आणि कामाचे समाधान

भावनिक श्रम म्हणजे पगारासाठी, नेमून दिलेल्या पद्धतीने, भावना दाखवणे किंवा आवरून धरणे. पोती उचलणाऱ्याची पाठ दुखते हे सर्वांना कळते. दिवसभर राग गिळणाऱ्या आवाजाचे दुखणे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही, कारण हे काम नीट झाले की त्याची खूणच उरत नाही. ग्राहक शांत झाला, फोन ठेवला गेला, पुढचा कॉल लागला. मधे काय सोसले गेले ते फक्त हेडसेट लावलेल्या बाईला ठाऊक असते.

ही संकल्पना अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली रसेल हॉकशिल्ड यांनी १९८३ साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात मांडली. त्यांनी विमानातील परिचारिका आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी अशी दोन टोके अभ्यासली. एकीला मनात असेल त्याहून अधिक जिव्हाळा दाखवावा लागतो, दुसऱ्याला मनात असेल त्याहून अधिक कठोरपणा. कॉल सेंटरमध्ये ही दोन्ही टोके एकाच मजल्यावर सापडतात. एका रांगेत मोबाइल कंपनीची हेल्पलाइन चालते आणि पलीकडच्या रांगेत कर्जाच्या हप्त्यांचे कलेक्शन. कालपर्यंत हेल्पलाइनवर ‘जी सर’ म्हणणारी मुलगी आज कलेक्शनला बसवली जाते, तेव्हा तिला फक्त नवी स्क्रिप्ट पाठ करायची नसते. आवाजाचा सगळा पोतच बदलायचा असतो.

हॉकशिल्ड यांनी हे काम करण्याच्या दोन रीती सांगितल्या. पहिली वरवरची : आत चीड आहे, आवाज गोड आहे. दुसरी आतून केलेली : समोरच्याची अडचण खरोखर डोळ्यांसमोर आणायची, म्हणजे गोडवा आपोआप आवाजात उतरतो. नंतरच्या संशोधनात सातत्याने दिसले आहे की माणूस शिणतो तो मुख्यतः पहिल्या रीतीने. आत एक आणि बाहेर एक हे अंतर तासन्‌तास धरून ठेवण्यात शक्ती जाते. पुढची सगळी व्यावहारिक चर्चा या अंतराभोवती आहे.

इंदूरमधले काम

विजयनगर, एबी रोड आणि खंडवा रोडवरचा क्रिस्टल आयटी पार्क या पट्ट्यात आवाजाच्या कामाची कार्यालये पसरली आहेत. बरेच काम देशांतर्गत ग्राहकांचे आणि हिंदीतून चालणारे असते : बँक, विमा, मोबाइल, घरपोच सेवा. देवास, उज्जैन, धार, खंडवा, बुऱ्हाणपूर इथून शिकायला आलेल्या कितीतरी मुलींची ही पहिली नोकरी असते. बारावी किंवा पदवी, बऱ्यापैकी हिंदी, संगणकावर थोडा हात, एवढ्यावर ती मिळते.

रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर या भागांतल्या मराठी घरांतल्या मुलींच्या बाबतीत भाषेचा आणखी एक पदर असतो. घरी मराठी, रस्त्यावर ‘भिया’ म्हणणारी इंदुरी हिंदी, आणि हेडसेट लावला की प्रशिक्षणात शिकवलेली सपाट, कुठल्याच गावाची नसलेली हिंदी. राग आधी घरच्या भाषेत येतो आणि बोलायचे असते तिसऱ्याच भाषेत. काहींना हे अंतर ढालीसारखे उपयोगी पडते, कारण पलीकडून आलेली शिवी तितकीशी आत पोचत नाही. काहींना मात्र दिवसाअखेरी स्वतःचाच आवाज परका वाटतो. दोन्ही अनुभव खरे आहेत आणि त्यांत कोणाचा दुबळेपणा नाही.

आकडा मांडून पाहिला की कामाचा भार कळतो. एका कॉलला सरासरी पाच मिनिटे धरली आणि साडेसात तास लाइनवर काढले, तर दिवसाला ९० माणसे होतात. प्रत्येकाला ‘मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ’ म्हणायचे, आणि ते म्हटले नाही तर कॉल तपासणारे क्वालिटीवाले एम्पथीचे, म्हणजे सहानुभूतीचे, गुण कापणार. नव्वदाव्या माणसाला हे वाक्य मनापासून म्हणणे कोणालाही शक्य नाही. सहानुभूतीची सक्ती केली की तिचे पाठांतर होते. वरवरची रीत अशी नियमांनीच अंगी बाणवली जाते.

स्त्रियांवर अधिक भार का

‘मुलींचा आवाज मऊ असतो, त्या ग्राहकाला शांत करतात’ हे वाक्य भरतीच्या खोलीपासून फ्लोअरपर्यंत ऐकू येते. ऐकायला ती स्तुती आहे. पण जे कौशल्य ‘स्वभावातच असते’ असे मानले गेले, त्याचे शिक्षण, विश्रांती आणि मोबदला देण्याची गरज कोणाला वाटत नाही. चिडलेले ग्राहक मुलींकडे वळवले जातात. तोच ग्राहक ‘ज़रा सर को दीजिए’ म्हणतो तेव्हा निर्णयाचा अधिकार पुरुषाच्या आवाजात असल्याचे गृहीत धरलेले असते. समजूत काढायची तिने आणि शब्दाला वजन दुसऱ्याच्या, अशी ही वाटणी आहे.

आणखी एक गोष्ट अधिक बोचरी. आवाजाची तारीफ, नाव-गाव विचारणे, ‘शिफ्ट कधी सुटते’, आणि तिथून पुढे अश्लील बोलणे. पुरुष सहकाऱ्याला शिवी मिळते ती बहुतेक वेळा कंपनीवरच्या रागाची असते. स्त्रीला मिळते ती थेट तिच्या देहावर येते. या दोन शिव्यांचा ताण सारखा नसतो, आणि ‘सगळ्यांनाच ऐकावे लागते’ असे म्हणून त्यांना एका मापात घालणे अन्यायाचे आहे.

हा माळव्याचाच अनुभव नाही. अलिशिया ग्रँडी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या दोन कॉल सेंटरमधील १९८ कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ग्राहकांच्या शाब्दिक आक्रमकतेचे प्रमाण सरासरी दिवसाला दहा वेळा इतके आढळले. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण असे, की अशा बोलण्याचा ज्यांना अधिक धसका बसतो ते वरवरच्या अभिनयाकडे वळतात आणि कामात थोडी मोकळीक असली तर धसका कमी बसतो. दक्षिण कोरियाने ऑक्टोबर २०१८ पासून ग्राहकसेवेतील कामगारांना संरक्षण देणारी तरतूद कायद्यात आणली. ग्राहकाने अपमान केला तर कर्मचाऱ्याला काही वेळ कामातून बाजूला होऊ देण्याची जबाबदारी तिथे मालकावर आहे.

समाधान कशात असते

कामाचे समाधान आणि कामावरची नाराजी ही एकाच तराजूची दोन पारडी नसतात. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच दाखवले होते की पगार, नियम, बसण्याची सोय या गोष्टी बिघडल्या तर नाराजी येते. त्या सुधारल्या तर नाराजी जाते, पण समाधान आलेच असे नाही. समाधान काम हाती घेऊन तडीस नेण्यात, त्याची दखल घेतली जाण्यात आणि पुढे जाण्याची वाट दिसण्यात असते.

कॉल सेंटरमधल्या स्त्रियांच्या बाबतीत समाधानाचे खरे झरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. स्वतःचे पहिले बँक खाते, धाकट्या भावंडाची फी, घरच्या निर्णयात मिळालेला शब्द, अनोळखी माणसाशी न घाबरता बोलण्याची सवय. एखाद्या म्हाताऱ्या गृहस्थांचे अडकलेले पेन्शनचे पैसे एका कॉलमध्ये सुटले, तर तो दिवस चांगला जातो. या नोकरीने खूप दिले असे कित्येक जणी म्हणतात तेव्हा ते मनापासून म्हणतात. म्हणूनच ‘नोकरी सोडून दे’ हा सल्ला बहुतेकदा निरुपयोगी ठरतो. उपयोगाचा प्रश्न असा : हे समाधान कशाने झिजते?

रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सूत्रात याचे उत्तर आहे. कामाचा रेटा जास्त आणि हातातला अधिकार कमी, अशी जोडी जमली की ताण सर्वाधिक. पुढे त्यात सहकाऱ्यांच्या आधाराची बाजू जोडली गेली. कॉलची संख्या एकटी मुलगी कमी करू शकत नाही. पण तिच्या हातातला अधिकार आणि तिच्या पाठीशी असलेला आधार वाढवता येतो, आणि यातले पुष्कळ उपाय बिनखर्चाचे आहेत.

कॉलवर आणि कॉलनंतर

रागावलेल्या ग्राहकाचे पहिले अर्धे मिनिट मधे न बोलता जाऊ द्यावे. या वेळात कानाने तक्रार ऐकावी आणि हाताने ती लिहावी : रक्कम, तारीख, काय अडले. लिहिताना लक्ष माणसाच्या सुरावरून त्याच्या अडचणीवर जाते. आतून केलेल्या रीतीची ही सर्वांत सोपी सुरुवात आहे. हा माणूस बिलावर चिडला आहे, आपल्यावर नाही, हे वाक्य मनाशी म्हणण्यापेक्षा कागदावर बिलाचा आकडा दिसणे जास्त परिणाम करते.

ठरलेले सहानुभूतीचे वाक्य टाळता येत नसेल, तर त्याला ग्राहकाचा तपशील जोडावा. ‘आपकी परेशानी समझ सकती हूँ’ऐवजी ‘तीन दिन से नेट बंद है, काम रुका होगा’ असे म्हटले की ते बोलणे खरे होते, आणि बोलणारीलाही ते खोटे वाटत नाही. क्वालिटीच्या लोकांनी अशा वाक्यांना पूर्ण गुण द्यावेत.

श्वासाचा उपाय साधा आहे. म्यूट करून किंवा होल्डच्या वेळात श्वास जितका घेतला त्याहून सावकाश सोडावा, तीन-चार वेळा. खांदे खाली आणावेत. कॉलनंतरच्या नोंदीसाठी जो वेळ मिळतो, तो पुढच्या कॉलची घाई करत संपवू नये.

अश्लील किंवा शिवीगाळीच्या कॉलला आणखी शांत राहणे हे उत्तर नव्हे. एकदा स्पष्ट सूचना, दुसऱ्यांदा इशारा, तिसऱ्यांदा कॉल बंद, हा क्रम कंपनीच्या लेखी नियमात आहे का हे रुजू होतानाच विचारून घ्यावे. असेल तर वाक्य आधीच तयार आणि पाठ असावे : ‘सर, मैं आपकी मदद करना चाहती हूँ, पर इस भाषा में बात आगे नहीं बढ़ पाएगी।’ आयत्या वेळी शब्द सापडत नाहीत, आवाज कापतो. पाठ वाक्य तिथे हात देते. खरे आडनाव, स्वतःचा नंबर, कार्यालयाचा पत्ता, शिफ्टची वेळ यांपैकी काहीही ग्राहकाला सांगू नये, तो कितीही सभ्य वाटला तरी. कॉल संपताच तारीख, वेळ आणि कॉल आयडी लिहून टीम लीडरला त्याच दिवशी मेल करावा. तोंडी सांगितलेले फ्लोअरच्या गोंगाटात विरून जाते.

‘ग्राहक आपला कर्मचारी नाही, आपण काय करणार’ असे उत्तर मिळते. ते बरोबर नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे कलम १९ कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या व्यक्तींपासूनही सुरक्षित वातावरण देण्याची जबाबदारी मालकावर टाकते. त्रास देणारा कर्मचारी नसेल आणि स्त्रीची इच्छा असेल, तर त्याच्याविरुद्ध फौजदारी कारवाई सुरू करण्यास पुढाकार घेणे हेही त्याच कलमात येते. फोनवरचा संपर्क हा संपर्कच आहे. भारतीय न्याय संहितेची कलमे ७५ आणि ७९ अशा बोलण्याला लागू पडू शकतात.

सहकारी किंवा वरिष्ठ त्रास देत असेल, तर मार्ग याच २०१३ च्या कायद्यातल्या अंतर्गत समितीचा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात ती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री हवी आणि निम्म्याहून कमी स्त्रिया असता कामा नयेत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. कंपनीने पुरवलेली कॅबही या कायद्यात कामाचेच ठिकाण आहे, हे अनेकींना माहीत नसते.

टीम लीडरने करायच्या गोष्टी

समाधान वाढवण्याची सर्वांत मोठी किल्ली टीम लीडरच्या हाती असते, कंपनीच्या वार्षिक समारंभात नाही. शिवीगाळीच्या कॉलनंतर पाच-दहा मिनिटे उठून जाऊ द्यावे आणि तो वेळ तिच्या ॲडहेरन्समधून, म्हणजे लाइनवर हजर असण्याच्या हिशेबातून, कापू नये. त्या कॉलवर ग्राहकाने दिलेला वाईट शेरा तिच्या गुणांत धरू नये. चुकलेला कॉल सगळ्या टीमसमोर लावून ऐकवणे बंद करावे. शिकवायचे असेल तर बाजूला बसवून ऐकवावा, आणि आठवड्यातून एकदा तिचा उत्तम कॉल मात्र खुशाल सर्वांना ऐकवावा.

कलेक्शनवर किंवा तक्रारींवर एकाच मुलीला महिनोन्‌महिने ठेवू नये. कलेक्शनवाल्यांना नियमही नीट सांगितलेले असावेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. नियमाबाहेरचा फोन करायला लावला की समोरच्याचा संताप रास्त असतो, आणि तो ऐकून घ्यावा लागतो नियम न ठरवणाऱ्या मुलीला.

लहानसा निर्णय घेण्याची मुभाही पुष्कळ काम करते. ठरावीक रकमेपर्यंतचा दंड माफ करणे, परत फोन करण्याची वेळ स्वतः देणे, एवढे हातात असले तरी ‘सर को दीजिए’ला तिच्याकडे उत्तर असते.

रात्र, शरीर आणि घर

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे ९ वाजतात तेव्हा इंदूरमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. परदेशी ग्राहकांच्या कामातली (प्रोसेसमधली) रात्र इथून सुरू होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेनुसार संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ पूर्वी स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेच्या अटी पाळायला हव्यात. पुण्यात २००७ मध्ये कंपनीच्या कॅबमधून कामावर निघालेल्या तरुणीची चालक आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून हत्या केली. तेव्हापासून कॅबमध्ये स्त्री एकटीच असेल तर सोबत सुरक्षारक्षक हवा, ही मागणी जोर धरून आहे. सोबत नसेल तर बसण्यास नकार देणे हा हट्ट नाही. गाडीचा क्रमांक आणि निघाल्याची वेळ घरी कळवावी. अडचणीत ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ‘बहुधा कर्करोगास कारणीभूत’ या गटात ठेवले आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण झोपेची हेळसांडही परवडणारी नाही. दिवसा झोपताना खोली पूर्ण अंधारी हवी आणि पाळीच्या शेवटच्या काही तासांत चहा-कॉफी टाळावी. शिफ्ट फिरवायचीच असेल तर ती पुढे सरकणारी असावी : सकाळ, मग दुपार, मग रात्र. उलट फिरवली की शरीर जास्त झगडते. घशासाठी दर काही कॉलनंतर घोटभर पाणी घ्यावे. बसलेल्या आवाजात कुजबुजणे टाळावे, त्याने स्वरयंत्रावर ताण वाढतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात होत असेल, तर नंदानगरचे ईएसआय रुग्णालय हक्काचे आहे, एम.वाय. रुग्णालय सर्वांसाठी आहेच. झोप उडाली, कामावर जाण्याच्या विचाराने छातीत धडधडू लागले, कशातच रस उरला नाही, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

घराबद्दल थोडे अधिक बोलायला हवे. ‘फोनवर तर एवढी गोड बोलतेस, घरातच का चिडतेस?’ हा प्रश्न या मुलींना हमखास ऐकावा लागतो. उत्तर प्रश्नातच आहे : गोडवा फोनवर खर्च झालेला असतो. आल्यावर अर्धा तास कोणी काही विचारू नये, एवढी सवलत घरच्यांनी द्यावी. ‘तुला बोलायची सवय आहे’ म्हणून गॅसवाल्यापासून आत्याबाईंपर्यंतचे सगळे फोन तिच्या हातात देऊ नयेत. सुनेच्या बाबतीत हा भार दुहेरी होतो, कारण सासरी पुन्हा आवाज सांभाळून बोलायचे असते. रीना पटेल यांनी मुंबई, बंगळुरू आणि अहमदाबादमधील रात्रपाळीच्या स्त्रियांवर लिहिलेल्या २०१० च्या पुस्तकात नोंदवले आहे की रात्री बाहेर असणाऱ्या बाईच्या चारित्र्यावर संशय घेण्याची वृत्ती पगाराने पुसली जात नाही. स्थळे पाहताना ‘नाईट शिफ्ट आहे का हो?’ असे विचारले जाते तेव्हा घरच्यांनी तिची बाजू ठामपणे घेतली, तर कामावरच्या दहा शिव्यांचे ओझे हलके होते.

थांबायचे की निघायचे

निर्णय एका वाईट दिवसावर घेऊ नये. दोन आठवडे वही ठेवावी : कोणत्या प्रकारच्या कॉलने त्रास झाला, सावरायला किती वेळ लागला, झोप कशी होती, आणि कोणत्या कॉलने बरे वाटले. चौदा दिवसांत चित्र उमटते. त्रास एकाच प्रोसेसचा असेल तर बदली मागावी. वहीतला पुरावा टीम लीडरशी बोलताना उपयोगी पडतो. त्रास आवाजाचाच असेल तर चॅट, ईमेल किंवा बॅक ऑफिसचे नॉन-व्हॉइस काम आहे. माणसे हाताळण्याची आवड आहे पण फोनचा कंटाळा आला आहे, अशीला प्रशिक्षण किंवा क्वालिटीचे काम मानवते. आणि चांगल्या कॉलचा रकाना चौदाही दिवस कोराच राहिला, तर दुसरीकडे अर्ज सुरू करण्याची वेळ झाली आहे.

गरोदरपणात घाईने राजीनामा देणाऱ्या अनेक जणी हक्काचे पैसे सोडून देतात. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झाले असेल, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणे मालकाला बंधनकारक आहे.

निघायचे ठरले तर राजीनामा मेलवर द्यावा आणि पोच जपून ठेवावी. नोटिशीचा काळ नेमणूकपत्रात पाहावा. अनुभवपत्र, शेवटच्या पगाराच्या पावत्या आणि पीएफचा यूएएन क्रमांक घेतल्याशिवाय दार ओलांडू नये. जुना पीएफ काढून न टाकता नव्या नोकरीच्या खात्यात वर्ग करावा. मूळ गुणपत्रिका कोणत्याही कंपनीकडे ठेवायला दिलेल्या नसाव्यात. दिल्या असतील तर राजीनाम्याच्या आधी त्या परत घ्याव्यात.